कामाचे मोल : दोन पिढ्या, एक परिसर

प्रस्तावना

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांपैकी अनेक जण दिवसभर काम करून उरलेल्या वेळात अभ्यास करतात. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी शेतावर, तर कोणी स्वतःच्या घरात राबत असतो. त्यामुळे काम म्हणजे काय, हे तुम्हाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु काम किती करावे, कोणासाठी करावे, एकाच ठिकाणी किती वर्षे करावे याविषयी घरातील वडीलधाऱ्या मंडळींशी तुमचे मतभेद झाले असतील. अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ आणि दुसरे म्हणजे, ‘तुमचा काळ वेगळा होता’. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, तरीही त्यांतून वाद मिटत नाही. असे का होते, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत. त्यासाठी बंगळूरु शहरातील के. आर. पुरम या परिसराचे उदाहरण घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• परिस्थिती आणि कामाविषयीची वृत्ती यांचा संबंध स्पष्ट करणे.
• ‘मूल्य’ आणि ‘वृत्ती’ या दोन संकल्पनांतील भेद सांगणे.
• कामाच्या तासांची मर्यादा कशी ठरत गेली, याची माहिती देणे.
• दोन पिढ्यांच्या मतांची बाजू न घेता तुलना करणे.
• कामाशी संबंधित वाक्प्रचार व म्हणी यांचा योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

१. एक परिसर, दोन काळ

बंगळूरु शहराच्या पूर्वेस जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरम हा परिसर आहे. सर्वत्र तो ‘के. आर. पुरम’ याच नावाने ओळखला जातो. येथे मोठे रेल्वेस्थानक आहे, रेल्वे इंजिनांची देखभाल करणारी शेड आहे आणि लोहमार्गावरून जाणारा, तारांनी तोलून धरलेला पूल आहे. हा पूल २००३ साली वाहतुकीस खुला झाला.

या परिसराला लागूनच ‘दूरवाणीनगर’ नावाची वसाहत आहे. ‘दूरवाणी’ हा टेलिफोनसाठी कन्नड भाषेत वापरला जाणारा शब्द. मराठीत आपण ‘दूरध्वनी’ म्हणतो. स्वातंत्र्यानंतर लगेच, म्हणजे १९४८ साली, भारत सरकारने येथे ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ हा कारखाना सुरू केला. लोक त्याला संक्षेपाने ‘आय.टी.आय.’ म्हणतात. स्वतंत्र भारतातील अगदी पहिल्या सरकारी उद्योगांत त्याची गणना होते. कारखान्याबरोबर कामगारांची घरे, शाळा आणि रुग्णालयही उभे राहिले.

बंगळूरुच्या औद्योगिक इतिहासाशी सोलापूरचाही संबंध आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली याच शहरात विमानांचा कारखाना काढला. पुढे तो ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्यानंतर ‘एच.एम.टी.’ (१९५३), ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ (१९५४) आणि ‘भारत अर्थ मूव्हर्स’ (१९६४) हे सरकारी उद्योग या शहरात आले. त्यांच्यामागोमाग कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि मराठी अशी नाना भाषा बोलणारी कुटुंबे येथे स्थायिक झाली.

हा झाला एक काळ. दुसरा काळ १९९०च्या दशकात सुरू झाला. के. आर. पुरमच्या पूर्वेला व्हाइटफील्ड येथे संगणक कंपन्यांसाठी टोलेजंग इमारती बांधल्या गेल्या. दक्षिणेकडे जाणाऱ्या बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या दोन्ही बाजूंनाही अशाच इमारती उभ्या राहिल्या. २०२३ साली मेट्रो रेल्वे के. आर. पुरमपर्यंत आली. २५ मार्चला येथून व्हाइटफील्डकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि ९ ऑक्टोबरला हा मार्ग शहराच्या मध्यभागाशी जोडला गेला. आज येथे एकाच घरात आजोबा दूरध्वनी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि नात संगणक कंपनीत काम करणारी, असे चित्र सहज दिसू शकते.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना ______ साली सुरू झाला. (१९४०, १९४८, १९५४)
(आ) बंगळूरु येथे विमानांचा कारखाना काढणारे उद्योजक ______ हे होत. (वालचंद हिराचंद, नारायण मेघाजी लोखंडे)

२. भोंग्याचा काळ

जुन्या पिढीतील कामगाराची वृत्ती समजून घ्यायची असेल, तर प्रथम त्याचे काम पाहिले पाहिजे. त्या काळातील दूरध्वनी केंद्रे ‘स्ट्राउजर’ पद्धतीची होती. ग्राहकाने तबकडी फिरवली की केंद्रातील छोटी यंत्रे खटखट आवाज करीत वर सरकत, गोल फिरत आणि योग्य जागी स्पर्श करून जोडणी पूर्ण करीत. प्रत्येक यंत्रात अनेक बारीक, हलते भाग असत आणि त्यांतील अंतर हाताने, मोजपट्टीने जुळवावे लागे. हे कौशल्य पुस्तकातून मिळत नसे. ते वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत उतरत असे. त्यामुळे जुना कामगार हा कारखान्याचा खरा ठेवा असे. एकाच जागी टिकून राहणे हा त्याच्या कौशल्याचाच भाग होता.

कायद्यांनीही टिकून राहण्यास प्रोत्साहन दिले. १९५२च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधीची तरतूद केली. १९७२च्या उपदान कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन निवृत्तीच्या वेळी देण्याची व्यवस्था केली. अधिक वर्षे म्हणजे अधिक रक्कम, असा हा हिशेब होता. घर वसाहतीत, मुले वसाहतीच्या शाळेत, आजारपण वसाहतीच्या रुग्णालयात. अशा परिस्थितीत कारखान्याविषयी आपलेपणा वाटला नसता, तरच नवल.

या पिढीविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. निष्ठावान म्हणजे मुकाट्याने सारे सहन करणारी, असे या पिढीविषयी मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात बंगळूरुतील पाच सरकारी उद्योगांतील कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला. दूरध्वनी कारखान्याचे कामगारही त्यात होते. ‘भेल’ या दुसऱ्या सरकारी उद्योगाइतके वेतन मिळावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. निष्ठा आणि हक्काची जाणीव या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, हेच यावरून दिसते.

३. बदलाचे वारे

१९८४ साली ‘सी-डॉट’ ही संशोधन संस्था स्थापन झाली आणि भारतीय बनावटीची इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्रे तयार होऊ लागली. इलेक्ट्रॉनिक यंत्रात हलते भाग जवळजवळ नव्हतेच. साहजिकच ते बनवण्यास पूर्वीइतके हात लागेनासे झाले. अंतर जुळवणाऱ्या बोटांचे कसब अल्पावधीत निरुपयोगी ठरले. १९९१च्या आर्थिक धोरणानंतर या क्षेत्रात खाजगी व विदेशी कंपन्या उतरल्या. सरकारी कारखान्याचे मक्त्याचे स्थान गेले, तोटा वाढला आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ज्या माणसांनी आयुष्यभर इमाने इतबारे काम केले, त्यांच्या कामात खोट निघाली म्हणून काम गेले नव्हते. काम उत्तमच होते. जगालाच त्या कामाची गरज उरली नव्हती. हा अनुभव अनेक घरांतील मुलांनी जेवणाच्या पानावर बसून ऐकला. ‘संस्था आपल्याला सांभाळते’ हा आईवडिलांचा विश्वास डळमळताना पाहिलेली ही मुले पुढे नोकरीला लागली, तेव्हा त्यांनी आपला भरवसा संस्थेवर न ठेवता स्वतःच्या शिक्षणावर ठेवला. यालाच पुढे ‘नव्या पिढीला निष्ठा नाही’ असे नाव मिळाले.

४. भ्रमणध्वनीचा काळ

संगणक क्षेत्रातील नोकरीची रचना वेगळी आहे. येथे तंत्र काही वर्षांतच जुने होते. जो एकाच पद्धतीला चिकटून राहतो, तो मागे पडतो. एका कंपनीतून दुसरीत जाताना जेवढी वेतनवाढ मिळते, तेवढी त्याच कंपनीत राहून बहुधा मिळत नाही. म्हणजे जुन्या रचनेने थांबणाऱ्याला बक्षीस दिले, तर नवी रचना निघणाऱ्याला बक्षीस देते. दोन्ही पिढ्या आपापल्या काळाच्या हिशेबाने शहाणपणानेच वागल्या.

दुसरा फरक वेळेचा आहे. कारखान्याचे काम फाटकाच्या आत राही. पाळी संपल्याचा भोंगा झाला की कामगार मोकळा होई, कारण यंत्र घरी नेता येत नसे. संगणकाचे काम मात्र पिशवीतून घरी येते आणि ते नाही आले, तरी खिशातील भ्रमणध्वनीवरून त्याचा निरोप येतो. परदेशातील ग्राहकाचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. त्यात शहरातील वाहतुकीत जाणारा वेळ निराळाच. ज्या परिसरात देशासाठी दूरध्वनी तयार झाले, त्याच परिसरातील तरुणांना आता दूरध्वनी केव्हा बंद ठेवावा, हा प्रश्न पडला आहे. तेव्हा एखादी तरुणी ‘रात्री आठनंतर मी निरोप पाहणार नाही’ असे म्हणते, तेव्हा ती आळशी असते असे नाही. पूर्वी जी मर्यादा भोंगा घालून देत होता, ती आता तिला स्वतःच घालून घ्यावी लागते, इतकेच.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९८०-८१च्या संपातील कामगारांची प्रमुख मागणी कोणती होती?
(आ) इलेक्ट्रॉनिक केंद्रांमुळे कामगारांची संख्या कमी का झाली?

५. एक संवाद

आता एक प्रसंग कल्पून पाहू. बेळगावकडून येऊन दूरवाणीनगरात स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. आजोबा दूरध्वनी कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. नातीने नुकतीच नोकरी सोडली आहे. रविवारी सकाळी दोघे बोलत आहेत. आजी शेजारी भाजी निवडत बसली आहे.

आजोबा : सहा वर्षांत ही तिसरी नोकरी सोडलीस. मी एकाच फाटकातून चौतीस वर्षे आत गेलो आणि बाहेर आलो.

नात : आजोबा, तुम्ही त्या फाटकातून पहिल्यांदा आत गेलात, तेव्हा तुमची पुढची चौतीस वर्षे बहुतेक ठरलेली होती. माझ्या करारात फक्त दोन महिन्यांची सूचना ठरलेली असते.

आजोबा : करारात काय लिहिले आहे, हे पाहून मी कधी काम केले नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, एवढे आम्हाला शिकवले होते.

नात : मागच्या कंपनीत आमच्या गटातील अकरा जणांना एकाच दुपारी घरी पाठवले. तेही मिठाला जागलेच होते.

आजोबा : (थोडे थांबून) पण या वेळी तर तुला कोणी काढले नव्हते. मग का सोडलीस?

नात : रुग्णालयातील औषधांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली आम्ही तयार करत होतो. तिच्या चाचण्या पूर्ण झाल्या नव्हत्या. ‘पूर्ण झाल्या असे लिही आणि सही कर’ असे मला सांगण्यात आले. मी सही केली नाही. त्यानंतर तेथे राहणे कठीण झाले.

आजोबा : आमच्याकडे तपासनीसाचा शिक्का असे. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी. एकदा महिनाअखेरचा आकडा भरून काढण्यासाठी न तपासलेला माल पुढे पाठव, असे मलाही सांगितले होते.

नात : मग तुम्ही काय केलेत?

आजोबा : वरिष्ठांना ‘नाही’ म्हणण्याची हिंमत नव्हती आणि खोटा शिक्का मारायला हात धजत नव्हता. रात्री उशिरापर्यंत थांबलो आणि एकेक नग तपासून मगच शिक्का मारला.

नात : म्हणजे तुम्ही थांबलात आणि मी निघाले. कारण मात्र एकच होते.

आजोबा : खरे आहे. पण एक सांग, तू निघून आल्यावर त्या कागदावर सही कोणी केली?

नात : ते मला ठाऊक नाही.

आजोबा : थांबलेल्या माणसाला ते ठाऊक असते, बाळ.

आजी : अहो, त्या रात्री तुमचे जेवण तीनदा गरम कोणी केले, हेही सांगा तिला. तुमचा भोंगा झाला की तुम्ही मोकळे. माझ्या कामाचा भोंगा कधी झालाच नाही. मुले, शाळा, सासूबाईंचे आजारपण हे सगळे मी पाहत होते, म्हणून तुम्हाला थांबता आले. पोरगी वेळेवर घरी यायचे म्हणते, तर तिच्या घरी तिच्यासाठी थांबलेले कोण आहे?

या प्रश्नाचे उत्तर आजोबांनी लगेच दिले नाही.

६. संवादातून काय दिसते?

हा संवाद काल्पनिक असला, तरी त्यातील प्रश्न खरे आहेत. ‘नोकरी टिकवावी की बदलावी’ हा वृत्तीचा प्रश्न आहे. ‘न तपासलेल्या कामावर सही करावी की नाही’ हा मूल्याचा प्रश्न आहे. आजोबा आणि नात यांची वृत्ती परस्परविरुद्ध आहे, परंतु त्यांचे मूल्य एकच आहे. आपल्या नावाने जे काम पुढे जाते, ते खरे असले पाहिजे, हे ते मूल्य होय. वृत्ती परिस्थितीनुसार घडते आणि बदलते. मूल्याची कसोटी परिस्थिती प्रतिकूल झाली म्हणजे लागते.

आजोबांचा शेवटचा प्रश्नही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अयोग्य गोष्ट नाकारून बाहेर पडणे सचोटीचे असले, तरी त्यामुळे ती अयोग्य गोष्ट थांबतेच असे नाही. आत राहून ती रोखण्यासाठी चिकाटी लागते, सहकाऱ्यांची साथ लागते. जुन्या पिढीकडून शिकण्यासारखे काही असेल, तर ते हे आहे. उलट, वरिष्ठांना स्पष्टपणे ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नव्या पिढीकडून शिकता येईल.

आजीचे बोलणे तर दोघांच्याही वादापलीकडचे आहे. मागील पिढीतील पुरुषाची कार्यनिष्ठा पुष्कळदा घरातील स्त्रीच्या वेतन नसलेल्या श्रमावर उभी होती. ज्या घरात पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, तेथे तसा आधार उरत नाही. म्हणून कामाच्या तासांचा विचार करताना घरातील तासही मोजले पाहिजेत.

७. तासांचा प्रश्न जुनाच आहे

‘हल्लीच्या मुलांना सुट्ट्या फार हव्या असतात’ असे म्हणताना सुट्टी मिळाली कशी, याचे आपल्याला विस्मरण होते. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगारांना तेव्हा आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. त्यांच्या चळवळीला यश येऊन १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सहजपणे उपभोगतो, त्या रविवारामागे हा लढा आहे.

कारखान्यातील तासही टप्प्याटप्प्यानेच कमी झाले. आठवड्याची कमाल मर्यादा १९२२ साली ६० तास, तर १९३४ साली ५४ तास ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली ही मर्यादा ४८ तासांवर आली आणि १९४८च्या कारखाना कायद्यानेही ती कायम ठेवली. दूरवाणीनगरचा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जुन्या पिढीचा भोंगा वेळेवर होत होता, तो आधीच्या पिढ्यांनी मिळवलेल्या या मर्यादेमुळे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इन्फोसिस’चे एक संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत एका मुलाखतीत मांडले. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली आणि १९८३ साली बंगळूरुला आलेली ही कंपनी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपार कष्टाने वाढवली. देशाची उत्पादकता वाढावी, ही त्यांची तळमळ त्यांच्या बोलण्यात होती. तरीही देशभर त्यावर वाद झाला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात संगणक क्षेत्रातील कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढवू देणाऱ्या प्रस्तावाची चर्चा सुरू झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला विरोध केला.

या वादात एक भेद ध्यानात ठेवावा. स्वतःची संस्था उभारणारा माणूस जे तास देतो, त्यांचे फळ त्याचे असते. नोकरी करणाऱ्याच्या जादा तासांचे फळ मुख्यतः दुसऱ्याकडे जाते. पहिल्याचा अनुभव दुसऱ्याला आदर्श म्हणून सांगता येईल. नियम म्हणून लादता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, तास कमी असावेत असे म्हणणाऱ्यानेही त्या तासांत काम जीव ओतून करण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे. वेळेवर निघण्याचा हक्क आणि पाट्या टाकण्याची सवय या दोन गोष्टी भिन्न आहेत.

८. पिढी म्हणजे काय?

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. केवळ एकाच सुमारास जन्मल्याने पिढी बनत नाही, तर तरुण वयात एकाच प्रकारच्या ऐतिहासिक घटनांना सामोरे गेल्याने माणसांची दृष्टी सारखी घडते, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. के. आर. पुरमचे उदाहरण या विचाराला पुष्टी देते. एका पिढीने तरुणपणी नवा कारखाना उभा राहताना पाहिला. दुसरीने तोच कारखाना ओसरताना पाहिला. त्यांची दृष्टी सारखी असावी, अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

मात्र परिस्थितीचा दाखला देऊन सर्वच वागणुकीचे समर्थन करता येत नाही. भोंग्याच्या काळातही कामचुकार माणसे होती आणि भ्रमणध्वनीच्या काळातही जीव ओतून काम करणारी माणसे आहेत. म्हणून एखाद्याचे मोल ठरवताना त्याने एकाच जागी किती वर्षे काढली, हे विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. त्याने केलेल्या कामावर दुसऱ्याला विश्वास ठेवता येतो का? दिलेला शब्द तो पाळतो का? आपल्या हाताखालच्या माणसाच्या वेळेची आणि श्रमाची त्याला किंमत आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो माणूस कोणत्याही पिढीचा असो, त्याच्या कामाला मोल आहे.

पाठगत प्रश्न ३
चूक की बरोबर ते लिहा.
(अ) गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी १८९० साली मान्य केली.
(आ) पाठातील आजोबा आणि नात यांची मूल्ये परस्परविरुद्ध आहेत.
(इ) १९३४ साली आठवड्याची मर्यादा ४८ तास ठरली.

शब्दार्थ

सचोटी – प्रामाणिकपणा
मक्ता – एकट्याला मिळालेला व्यवसायाचा हक्क
उपदान – दीर्घ सेवेबद्दल नोकरीच्या अखेरीस मिळणारी रक्कम
पाळी – कामाचा ठरलेला कालखंड
कसब – हातातील कौशल्य
तपासनीस – मालाची तपासणी करणारा अधिकारी

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचार व त्यांचे अर्थ पाहा.
• खाल्ल्या मिठाला जागणे – उपकाराची जाणीव ठेवून प्रामाणिक राहणे.
• पाट्या टाकणे – मन न लावता कसेबसे काम उरकणे.
• जीव ओतणे – अत्यंत तळमळीने काम करणे.
• इमाने इतबारे – विश्वासूपणे, प्रामाणिकपणे.

‘दूरध्वनी’, ‘भ्रमणध्वनी’, ‘ध्वनिफीत’ हे शब्द पाहा. तिन्ही शब्दांत ‘ध्वनी’ हा शब्द आला आहे. तो शब्दाच्या शेवटी आला असता ‘नी’ दीर्घ आणि शब्दाच्या आरंभी आला असता ‘नि’ ऱ्हस्व लिहिला जातो. अशा प्रकारचे आणखी दोन शब्द शोधून लिहा.

आपण काय शिकलो?

• कामाविषयीची वृत्ती त्या त्या काळातील परिस्थितीतून घडते.
• जुन्या व्यवस्थेने टिकून राहण्याला, तर नव्या व्यवस्थेने बदलाला उत्तेजन दिले.
• वृत्ती भिन्न असल्या, तरी मूल्य समान असू शकते.
• सुट्टी आणि तासांची मर्यादा या गोष्टी दीर्घ प्रयत्नांनी मिळाल्या आहेत.
• घरातील वेतन नसलेले श्रम हेही कामच आहे.

स्वाध्याय

१. जुन्या पिढीला नोकरीत टिकून राहावेसे वाटण्याची कोणतीही तीन कारणे पाठाच्या आधारे लिहा.
२. ‘थांबलेल्या माणसाला ते ठाऊक असते’ या आजोबांच्या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. आजीच्या बोलण्यातून कामाच्या विचाराला कोणती नवी बाजू मिळते? आठ ते दहा ओळींत लिहा.
४. न तपासलेल्या कामावर सही करण्यास नकार देऊन नातीने नोकरी सोडली. तिने थांबायला हवे होते का? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत मांडा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका निवृत्त व्यक्तीशी बोला. त्यांच्या पहिल्या नोकरीतील कामाचे तास, सुट्ट्या आणि घरची व्यवस्था यांविषयी माहिती घेऊन पंधरा ओळींचे टिपण तयार करा.
६. वाक्यात उपयोग करा : पाट्या टाकणे, खाल्ल्या मिठाला जागणे, जीव ओतणे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९४८ (आ) वालचंद हिराचंद
२. (अ) ‘भेल’ या सरकारी उद्योगाइतके वेतन मिळावे, ही कामगारांची प्रमुख मागणी होती. (आ) इलेक्ट्रॉनिक यंत्रात हलते भाग जवळजवळ नसल्याने ते बनवण्यास पूर्वीइतके कामगार लागेनासे झाले.
३. (अ) बरोबर (आ) चूक (इ) चूक